तूप सोडले, पण त्याऐवजी काय?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला मनुष्य रुग्णालयातून घरी परतला की त्याच्या समाचाराला येणारी मंडळी रिकाम्या हाताने येत नाहीत. प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो. एक जण सांगतो, तूप घरात आणू नका. दुसरा म्हणतो, तुपाने काही होत नाही, आपल्या आजोबांनी जन्मभर खाल्ले. साखर तेवढी बंद करा. तिसरा अंड्यातला बलक वर्ज्य ठरवितो, तर चौथा रोज दोन अंडी खाण्याचा आग्रह धरतो. तेलांच्या बाबतीत तर जितकी तेले तितके पंथ : शेंगदाण्याचा, करडईचा, सूर्यफुलाचा, खोबरेलाचा आणि अलीकडे ऑलिव्हचा. यातील कोणीही केवळ स्वतःच्या मनचे बोलत नसतो. प्रत्येकाजवळ कोठल्या तरी संशोधनाचा हवाला असतो आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, ते संशोधन बहुधा खरोखरच झालेले असते.

या गोंधळाचा परिणाम ठरलेला आहे. ‘तज्ज्ञांचेच एकमत नाही, तेव्हा आपण आपले रुचेल ते खावे,’ असा निष्कर्ष ऐकणारा काढतो. कोणत्याही एका चुकीच्या सल्ल्यापेक्षा हा निष्कर्ष अधिक घातक होय. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे आज आपल्या देशातील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. दर चार मृत्यूंपैकी एकाहून अधिक मृत्यू त्यांच्यामुळे होतात. अशा वेळी ‘कोणाचेच ऐकू नये’ ही वृत्ती समाजाला परवडणारी नाही.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. अर्थशास्त्र शिकविणे हा त्याचा व्यवसाय आहे. तथापि, या वादाचा बराचसा गुंता अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्याने सुटण्याजोगा आहे, असे त्याला वाटते. एखाद्या वस्तूची निवड करणे म्हणजे दुसरी एखादी सोडणे, हा तो धडा. त्याची उलट बाजूही तितकीच खरी : एखादी वस्तू सोडली की तिच्या जागी दुसरी काहीतरी येतेच. घरखर्चाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे पोटाचेही एक अंदाजपत्रक असते. दिवसाला दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाने तुपातून येणारे दोनशे उष्मांक कमी केले, तर भूक त्याला स्वस्थ बसू देत नाही. ते दोनशे भातातून, बिस्किटातून, फरसाणातून किंवा शेंगदाण्यातून परत येतात. म्हणून ‘हे खाऊ नका’ हे वाक्य मुळात अर्धेच आहे. ‘त्याऐवजी काय?’ हा त्याचा उत्तरार्ध. आहार आणि हृदयविकार यांविषयीच्या गेल्या सत्तर वर्षांच्या वादाचा इतिहास हा बहुतांशी या हरवलेल्या उत्तरार्धाचा इतिहास आहे.

वादाचा उगम

१९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तोवर डॉक्टरांपुरता असलेला हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांचे प्रतिपादन असे होते की, लोणी, मलई, मांस यांतील संपृक्त मेदामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यातून हृदयविकार उद्भवतो. १९५८ पासून त्यांनी अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान अशा सात देशांतील पुरुषांचा तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करून त्याच्या जागी वनस्पतिज तेले वापरावीत, अशी शिफारस केली. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन युडकिन हे आहारशास्त्राचे प्राध्यापक खरा अपराधी मेद नसून साखर आहे, असे सांगत होते. ‘प्युअर, व्हाइट अँड डेडली’ हे त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले; परंतु त्या काळात कीज यांच्या पक्षाचा जय झाला आणि युडकिन मागे पडले.

या कथेतील एक प्रकरण आपल्या मुंबईशी निगडित आहे. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १९६७ मध्ये आपले निष्कर्ष ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. दक्षिण भारतीय कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण पंजाबी कर्मचाऱ्यांच्या सातपट आढळले. गंमत अशी की, पंजाबी कर्मचारी दक्षिणेकडील सहकाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक मेद खात होते आणि तोही मुख्यतः दुधातुपाचा. कीज यांच्या सिद्धांतानुसार चित्र नेमके उलट दिसावयास हवे होते.

मग खरे कोण? या प्रश्नाचे उत्तर केवळ असल्या तुलनेतून मिळू शकत नाही. दोन समाज एकमेकांशेजारी ठेवले की त्यांच्यात एका तुपाचाच फरक असतो असे नव्हे. धान्य, भाज्या, श्रमाचे स्वरूप, तंबाखू, उत्पन्न, सारेच भिन्न असते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे सांख्यिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अशा पाहणीतून शंका घ्यावी, निकाल देऊ नये. निकालासाठी प्रयोग करावे लागतात आणि माणसांच्या ताटावर वर्षानुवर्षे प्रयोग करणे ही अत्यंत अवघड गोष्ट आहे.

रिकाम्या जागेत काय आले?

दरम्यान लोकांनी लोणी सोडले. त्याच्या जागी काय आले? पाश्चात्त्य देशांत मार्गारिन आले. आपल्याकडे ही जागा त्याआधीच तयार होती : १९३७ पासून बाजारात असलेले ‘डालडा’ घरोघरी इतके रुळले की ते वनस्पती तुपाचे सामान्यनामच होऊन बसले. साजूक तूप परवडत नाही म्हणून कोणी ते घेतले, तर वनस्पतिजन्य आहे म्हणजे निर्धोक असले पाहिजे, अशा समजुतीने कोणी घेतले. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या या प्रक्रियेत ट्रान्स मेद तयार होतो. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवून दिले की, हा मेद घातक कोलेस्टेरॉल तर वाढवितोच, शिवाय हितकारक कोलेस्टेरॉल घटवितो. म्हणजे हृदयाच्या काळजीने तूप सोडून वनस्पतीकडे वळलेला मनुष्य आगीतून फुफाट्यात पडला होता. सल्ला अर्धाच दिला गेला होता. उत्तरार्ध कारखान्यांनी भरला.

हीच गोष्ट पुन्हा घडली. १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या मॅकगव्हर्न समितीने स्निग्ध पदार्थ कमी करून पिष्टमय पदार्थ वाढविण्याचे उद्दिष्ट देशापुढे ठेवले. साखरही कमी करावी, असे त्याच समितीने सांगितले होते. परंतु बाजाराने पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. ‘अल्पमेद’ अशी छापील ग्वाही मिरविणारी बिस्किटे, दही आणि न्याहारीचे पदार्थ दुकानांत आले. मेद काढला की चव जाते, आणि चव परत आणण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे साखर.

तिसरा पर्याय वनस्पतिज द्रव तेलांचा. येथे मात्र प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६८ ते १९७३ या काळात मिनेसोटात नऊ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात संपृक्त मेदाच्या जागी मक्याचे तेल दिले गेले. कोलेस्टेरॉल घटले, मृत्यू घटले नाहीत. आणि या प्रयोगाची दडून राहिलेली माहिती प्रकाशात येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. उलटपक्षी, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये निवडक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त तेले आल्यास हृदयविकार सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, असे आढळले. मिनेसोटाचा प्रयोग या आढाव्यात धरलेला नव्हता, कारण त्यातील बहुतेकांनी तो आहार फारच थोडा काळ घेतला होता. या वगळण्यावरही वाद आहे.

ही सारी सामग्री एकत्र ठेवून पाहिली की चित्र स्पष्ट होऊ लागते. तुपालोण्याच्या जागी ट्रान्स मेद आला, तर हानी. त्याच्या जागी मैदा आणि साखर आली, तर लाभ शून्य. त्याच्या जागी द्रव तेले, शेंगदाण्या-अक्रोडासारखा सुका मेवा, कडधान्ये किंवा कोंड्यासह धान्य आले, तर लाभ. तो किती, याबद्दल मतभेद. म्हणून तेच तूप एका अभ्यासात दोषी ठरते आणि दुसऱ्या अभ्यासात निर्दोष सुटते. आरोपी तोच असतो. त्याची तुलना कोणाशी केली, हे बदललेले असते. २०१४ च्या सुमारास ‘लोणी खा’ असे मथळे जगभर झळकले, त्यामागे हेच होते. लोणी न खाणारी मंडळी त्या काळात पाव आणि साखर खात होती; त्यांच्याशी तुलना केल्यावर लोणी खाणारा वाईट दिसत नव्हता. त्यावरून लोणी हितकारक ठरविणे म्हणजे नापासांच्या वर्गात पहिला आलेल्याला सुवर्णपदक देण्यासारखे आहे.

२०१७ च्या ‘प्युअर’ अभ्यासाचेही असेच झाले. भारतासह अठरा देशांतील सुमारे एक लाख पस्तीस हजार व्यक्तींच्या या पाहणीत अधिक पिष्टमय पदार्थ खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक, तर अधिक मेद खाणाऱ्यांत कमी दिसले. लगेच ‘मेद निर्दोष’ अशी द्वाही फिरली. परंतु गरीब देशांत ताटातला भाताचा डोंगर हा केवळ आहार नसतो. तो दारिद्र्याचाही निदर्शक असतो. ज्याच्या ताटात नुसता भात आहे त्याच्याजवळ डाळ, भाजी, फळ नाही आणि बहुधा वेळेवर डॉक्टरही नाही.

सल्ल्याचा बाजार

गोंधळाचे दुसरे कारण अर्थशास्त्राच्या अधिक जवळचे आहे. सल्ला ही वस्तू फुकट मिळत असली तरी तिच्या प्रसाराला पैसा लागतो आणि तो ज्याला लाभ असेल तोच खर्च करतो. १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मेदावर बोट ठेवले होते आणि साखरेवरील आक्षेप सौम्य केले होते. या कामासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने त्यांना सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले होते, हे २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारावरून उघडकीस आले. हितसंबंध जाहीर करण्याची प्रथा तेव्हा नव्हती, हे खरे. पण म्हणूनच वाचकाला ते कळण्याचा मार्गही नव्हता.

अंड्याची कथा याहून सौम्य, तरी बोधप्रद आहे. दिवसाला तीनशे मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोलेस्टेरॉल पोटात जाऊ नये, ही १९६० च्या दशकातील मर्यादा अमेरिकी मार्गदर्शिकेने २०१५ मध्ये काढून टाकली. कारण अन्नातील कोलेस्टेरॉलचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर होणारा परिणाम बहुतेकांच्या बाबतीत मर्यादित असतो, असे दिसून आले होते. आपल्याकडे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अंडी उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने तत्पूर्वीच मोठ्या कल्पकतेने अंड्यांचा प्रचार चालविला होता. तो प्रचार सर्वस्वी चुकीचा होता असे नव्हे. मुद्दा इतकाच की, अंड्यांच्या बाजूने बोलणारी संघटना होती. ‘मीठ कमी खा’ असे सांगणाऱ्याची संघटना असत नाही. कमी तेल, कमी मीठ, पायी चालणे, तंबाखू सोडणे, ताटात भाजी आणि उसळ वाढविणे या सल्ल्यांतून कोणाचा नफा वाढत नाही. ज्या सल्ल्याला विक्रेता आहे तो मोठ्या आवाजात ऐकू येतो. ज्याला नाही तो कुजबुजत राहतो. वस्तुतः तज्ज्ञांचे ज्या गोष्टींवर सर्वाधिक एकमत आहे त्या नेमक्या या कुजबुजणाऱ्या गोष्टी होत. वाद मोठे दिसतात, कारण ते विकाऊ वस्तूंभोवती चालतात.

शासनाचे दोन आवाज

शासनाने हा आवाज उचलावा, अशी अपेक्षा असते. पण शासनही दोन आवाजांत बोलते. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून लठ्ठपणाविरुद्ध बोलताना प्रत्येक घराने तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांवरील मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणले गेले. महागाईच्या दृष्टीने तो निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु आरोग्याच्या आवाहनामागोमाग किंमत उतरविणारा निर्णय घेतला की ग्राहक कोणत्या संकेताला प्रतिसाद देतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. देशाच्या तेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयातीचा असून त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. पामतेलाचा जवळजवळ अर्धा भाग संपृक्त मेदाचा. २०२१ पासून पामच्या लागवडीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अभियान आहे; उलट सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात रब्बीत डोलणारी करडई, जिचे तेल असंपृक्त मेदाने समृद्ध आहे, ती मात्र डोळ्यांदेखत आक्रसत गेली. काटेरी पीक, काढणीला मजूर मिळेना, भावाची शाश्वती नाही. शेतकऱ्याने हरभरा आणि सोयाबीन जवळ केले. येथेही प्रश्न तोच : करडई गेली, त्याऐवजी कढईत काय आले?

शासनाने मनावर घेतले तर काय घडू शकते, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. ट्रान्स मेदाची कायदेशीर मर्यादा दहा टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणत २०२२ च्या जानेवारीपासून ती दोन टक्के करण्यात आली. या एका निर्णयाने ग्राहकाची एका वादातून सुटका केली. वनस्पतीचा डबा घेताना त्याला संशोधनपर लेख वाचावे लागत नाहीत. अंमलबजावणी लहान बेकऱ्या आणि तळणाच्या गाड्यांपर्यंत पोचली पाहिजे, हे वेगळे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरील इशाऱ्यांबाबत मात्र अशी तडफ दिसलेली नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या सप्टेंबरात तारांकित श्रेणींचा मसुदा काढला. २०२५ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. शिवाय, तारे देण्यात एक खोच आहे : मीठसाखरेचे दुर्गुण थोड्याशा तंतुमय पदार्थाने किंवा सुक्या मेव्याने झाकून सरासरी चांगली दाखविता येते. चिलीने २०१६ पासून ‘साखर अधिक’, ‘मीठ अधिक’ असे सरळ काळे इशारे छापावयास लावले, तो मार्ग अधिक प्रामाणिक होय.

घरचा हिशेब

तोवर सामान्य कुटुंबाने काय करावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि डाळी वा तत्सम प्रथिनयुक्त पदार्थ ८५ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. चौघांच्या कुटुंबाला या हिशेबाने महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर तेल-तूप पुरावयास हवे. पाच लिटरचा डबा सहा आठवडे चालावयास हवा. देशातील दरडोई खप आज वर्षाला जवळजवळ वीस किलो, म्हणजे या प्रमाणाच्या दुप्पट आहे. तेव्हा डब्यात कोणते तेल आहे यावर वाद घालण्यापूर्वी डबा किती दिवसांत संपतो, याची नोंद दिनदर्शिकेवर करावी. त्यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

दुसरी नोंद ताटाची. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून, बहुतांशी सडलेला तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांतून येतात. म्हणजे पाश्चात्त्य देशांत ‘मेद कमी करा’ हा सल्ला जितका मध्यवर्ती, तितका तो आपल्याकडे नसेल. आपल्या ताटात भाताची एक मूद कमी करून तेथे वाटीभर उसळ ठेवणे अधिक मोलाचे. मात्र येथे खिशाचा प्रश्न उद्भवतो. शिधापत्रिकेवर तांदूळ आणि गहू मोफत मिळतात. डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. ‘भाताऐवजी डाळ’ हे सांगणाऱ्याला सोपे आहे. ज्याच्या हाती मोफत धान्याची पिशवी आहे आणि डाळीसाठी पैसे नाहीत, त्याला तो सल्ला म्हणजे थट्टा वाटेल. शिधावाटपात डाळीला नियमित स्थान देणे हा कदाचित या देशातील सर्वांत परिणामकारक हृदयोपचार ठरेल.

एक सावधगिरीची सूचना. हा सर्व विचार निरोगी माणसाच्या रोजच्या ताटाचा आहे. ज्याला झटका येऊन गेला आहे त्याने वर्तमानपत्रातील लेख वाचून, हा लेखही त्यात आला, औषधाची गोळी बंद करू नये. ती त्याच्या डॉक्टरांची बाब आहे.

समाचाराला येणारी मंडळी यापुढेही सल्ले घेऊन येतीलच. त्यामागे आपुलकी असते आणि तिचा अव्हेर करण्याचे कारण नाही. कोणी ‘अमुक सोडा’ म्हटले की आपण शांतपणे विचारावे, ‘बरे, त्याऐवजी काय?’ उत्तर वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे किंवा भाजी असे आले तर सल्ला बहुधा चांगला आहे. उत्तरादाखल एखाद्या आकर्षक डब्याचे नाव आले तर थोडे थांबावे. आणि हाच प्रश्न तेलाचे शुल्क ठरविणाऱ्या आणि शिधा वाटणाऱ्या शासनालाही विचारावा. कारण कोट्यवधी ताटांतील रिकाम्या जागेत काय येणार, हे घरच्या स्वयंपाकघरापेक्षा तेथेच अधिक ठरते.